बडोद्यात पहिला टॅटू करून घेताना: मन पक्कं करण्यापासून खपली पडेपर्यंत

बडोद्यातल्या मराठी घरांना गोंदण नवं नाही. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांमधल्या आज्या आठवून पाहा. कुणाच्या कपाळावर हिरवट ठिपका, कुणाच्या हनुवटीवर, कुणाच्या मनगटावर तुळस. आसपासच्या गुजराती गावांमध्ये हेच ‘छूंदणां’ म्हणून चालत आलं. त्यामुळे “मला टॅटू करायचाय” म्हटल्यावर घरात आवाज चढतो तो कातडीखाली शाई जाते म्हणून सहसा नसतो. चित्र कसलं, ते अंगावर कुठे, आणि पोरगं विचार करून करतंय की चारचौघांचं बघून, या तीन प्रश्नांवरून तो चढतो. प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं आधी स्वतःला द्या. त्यानंतर सुई, स्वच्छता आणि पुढच्या तीन आठवड्यांची काळजी. पहिल्यांदा करणारे बहुतेक या शेवटच्या टप्प्यातच फसतात.

१. मन पक्कं आहे का, ते तपासा

हवं ते चित्र हव्या त्याच मापात छापून घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तीन महिने रोज दिसू द्या. तेवढ्यात कंटाळा आला तर ते चित्र तुमचं नव्हतं. नंतर स्टुडिओत जाऊन फक्त स्टेन्सिल उठवून द्यायला सांगा. तो जांभळा छाप दोन-तीन दिवस टिकतो. तेवढ्या दिवसांत ऑफिसला जा, आरशासमोर उभे राहा, बाही दुमडून पाहा.

सरावासाठी ‘काळी मेंदी’ मात्र लावू नका. नवरात्राच्या बाजारात आणि जत्रांमध्ये ती सर्रास मिळते. मेंदीचा रंग मुळात काळा नसतो. तो काळा व्हावा म्हणून तिच्यात केसांच्या कलपातलं पीपीडी हे रसायन मिसळतात. त्याने चित्राच्या आकाराचे फोड उठू शकतात, आणि एकदा वावडं जडलं की पुढे साधा कलपही आयुष्यभर सोसत नाही.

प्रियकराचं किंवा प्रेयसीचं नाव पहिल्या टॅटूत नको, हे माझं स्पष्ट मत आहे. आई-वडिलांचं, मुलांचं नाव घालायला हरकत नाही. देवाचं चित्र कमरेखाली कुठेही घेऊ नका. घरच्यांना ते लागतंच, आणि पुढे प्रत्येक पूजेला तुम्हालाही खटकत राहतं.

घरी आधी सांगा. चित्राचा कागद, जागा आणि स्टुडिओचं नाव पुढे ठेवून बोललात तर बोलणं निदान मुद्द्यावर राहतं. शक्य असेल तर स्टुडिओ बघायला आईला किंवा ताईला सोबत न्या. सीलबंद सुई डोळ्यांसमोर फुटताना पाहिली की निम्मी भीती जाते. लपवून करायचा विचार असेल तर एवढं ध्यानात ठेवा: पहिले दोन आठवडे तो दिवसातून दोन-तीनदा धुवावा लागतो, अंथरुणाला शाईचे डाग पडतात, अंगावर सैल कपडे लागतात. एकत्र घरात हे लपत नाही, आणि लपवण्याच्या नादात धुणं चुकलं की जखम चिघळते.

‘नको झाला तर लेझरने पुसू’ हा हिशेब धरू नका. काळी शाई लेझरला बरी दाद देते, हिरवी-निळी चिवट असते. सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर त्या जागी पांढरट किंवा काळपट डाग राहण्याचा धोका जास्त असतो.

२. सरकारी नोकरीचा फॉर्म भरायचा असेल तर आधी हे वाचा

लष्करात भरती व्हायचं असेल तर कायमचा टॅटू दोनच ठिकाणी चालतो: कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंतचा हाताचा आतला भाग, आणि तळहाताची मागची बाजू. बाकी कुठेही असला तर उमेदवार बाद होतो. आदिवासी समाजातल्या परंपरागत गोंदणाला वेगळी सवलत आहे. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या केंद्रीय दलांचे नियम आणखी कडक आहेत. तिथे हाताचा आतला भाग चालतो तोही फक्त डावा, कारण सॅल्यूट उजव्या हाताने करतात. तळहाताची मागची बाजू चालते. आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी हवा. मजकूर धार्मिक चिन्ह किंवा नाव, एवढाच. राज्य पोलिसांसाठी त्या-त्या भरतीची जाहिरात वाचा. बारावीच्या वयात खांद्यावर वाघ काढून घेऊन नंतर मैदानी चाचणीची तयारी करणारी मुलं वैद्यकीय तपासणीत बाहेर पडतात, आणि त्यांना कुणी आधी सांगितलेलं नसतं.

खाजगी नोकरीत सहसा अडचण येत नाही. तरी पहिला टॅटू पूर्ण बाहीखाली झाकला जाईल असा घ्या. मान, बोटं आणि तळहात पहिल्या खेपेला नकोच. बोटांवरची आणि तळव्यावरची शाई तशीही लवकर उडते.

३. तब्येत

टॅटूची सुई साधारण दीड ते दोन मिलिमीटर आत जाते. वरचा थर सतत झडत असतो, म्हणून शाई त्याखालच्या थरात बसवावी लागते. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात आणि त्यामुळे चित्र टिकतं. म्हणजे ही खरीखुरी जखम आहे, असंख्य टोचण्यांची.

पुढच्यांपैकी काही असेल तर थांबा किंवा आधी डॉक्टरांना विचारा:

- गरोदरपण किंवा अंगावर पाजणं. नंतर करा.
- आटोक्यात नसलेला मधुमेह. जखम भरत नाही.
- रक्त पातळ करणारी गोळी. स्वतःच्या मनाने बंद करू नका.
- मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या. बंद केल्यावर ६ महिने जाऊ द्या.
- पूर्वीच्या जखमेवर किंवा कान टोचल्यावर गाठीसारखा फुगीर व्रण आलेला असणं. विशेषतः छाती, खांदा, पाठीचा वरचा भाग टाळा.
- कोड किंवा सोरायसिस. टोचलेल्या रेषेवरच नवा चट्टा उठू शकतो.

हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर ती आधी घ्या. तिचे तीन डोस असतात: पहिला, एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. कपाटावरच्या कागदाच्या तीन महिन्यांसोबतच सुरू केलीत तर वेगळं थांबावं लागत नाही असं वाटेल, पण लागतं. तीन महिने जास्त जातात. ते जाऊ द्या. धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या १० वर्षांत झालेलं असावं. नियमित रक्तदान करत असाल तर ते टॅटूच्या आधी उरकून घ्या, कारण नंतर १२ महिने रक्त घेत नाहीत.

४. महिना कोणता

बडोद्यात टॅटू बरेचदा बिघडतात ते चुकीचा महिना निवडल्याने. घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात स्टुडिओंमध्ये गर्दी उसळते, कारण चोळीतून उघड्या दिसणाऱ्या पाठीवर काहीतरी हवं असतं. मग ओली जखम घेऊन नऊ रात्री गरबा. घाम, मैदानातली धूळ, चोळीच्या दोऱ्यांचं आणि आरसेकामाचं घासणं. खपली ओढली जाते, तिच्यासोबत शाईही जाते, आणि दसऱ्याला पाठीवर ठिगळं दिसतात.

वरची त्वचा भरायला दोन ते चार आठवडे लागतात, आतली नीट व्हायला दोन-तीन महिने. म्हणून साधा नियम धरा: नवरात्रात दाखवायचा टॅटू राखीपौर्णिमेपर्यंत झालेला हवा. त्यानंतर घटस्थापनेपर्यंत जवळजवळ साडेसहा आठवडे मिळतात. गणपती बसल्यावर गेलात तर चार आठवडेही हातात राहत नाहीत. त्या वर्षी सोडून द्या. नऊ रात्रींपुरतं हवं असेल तर पाण्याने उठणारा स्टिकर लावा, त्यात काही कमीपणा नाही.

श्रावणात करायचा तर पावसाचं भान ठेवा. विश्वामित्रीचं पाणी वस्तीत शिरलं की काय होतं ते ऑगस्ट २०२४ मध्ये शहराने पाहिलंय. त्या पाण्यात ताजा टॅटू घेऊन उतरू नका, प्लास्टिक गुंडाळूनही नाही. एप्रिल-मे तर नकोच. ४० अंशांच्या वर ऊन, त्यात स्कूटरवर उघडे हात.

सगळ्यात चांगला काळ उत्तरायण उलटल्यावरचा. १४-१५ जानेवारीचे दोन दिवस गच्चीवर, उन्हात आणि मांज्यात जाऊ द्या, आणि त्यानंतरच्या चार आठवड्यांत करा. हवा कोरडी-थंड, घाम कमी, आणि धुळवडीच्या रंगांआधी खपली पडून गेलेली असते.

५. चित्र आणि अक्षरं

शाई वर्षागणिक थोडी पसरते. आज्यांचं गोंदण हिरवट आणि जाडसर दिसतं ते त्यामुळेच. काजळी काळीच असते, कातडीच्या पडद्याआडून ती हिरवट-निळी दिसते. तुमची केसासारखी बारीक रेषही पुढे जाड होणार, हे गृहीत धरून चित्र निवडा. रविवर्म्याच्या चित्रातला चेहरा अनेकांना हवा असतो. मूळ चित्रं लक्ष्मीविलासच्या आवारातल्या फतेसिंग संग्रहालयात जाऊन पाहा, म्हणजे त्या चेहऱ्यांमधली छटा किती नाजूक आहे ते कळेल. तो चेहरा ७-८ सेंटीमीटरपेक्षा लहान केला की काही वर्षांत डोळे आणि भुवया एक होतात. तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांसारखं रेषेचं काम टॅटूला जास्त मानवतं, पण त्यातली एकच आकृती उचला, अख्खी भिंत नको.

आपल्या त्वचेवर काळा रंग सर्वांत छान टिकतो. पांढरा पिवळट पडतो, पिवळा दिसेनासा होतो, आणि ॲलर्जी सर्वांत जास्त लाल शाईची होते.

आता मराठी अक्षरं. इथे सावध राहा. बडोद्यातले बरेच टॅटू करणारे गुजराती लिहिणारे आहेत, आणि गुजराती लिपीला शिरोरेखा नसते. कलाकार कितीही चांगला असला तरी ह्रस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं त्याच्या नजरेला खटकतीलच असं नाही. दुसरी गोची संगणकाची. चित्रकामाच्या काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी चिकटवली की पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, ‘श्री’चा ‘श्‌’ आणि ‘री’ सुटे होतात, पाय मोडका दिसतो. म्हणून मजकूर स्वतः घरी टाइप करा, चित्र किंवा पीडीएफ म्हणून जपून ठेवा आणि तेच द्या. शक्य असेल तर कुणा वळणदार अक्षर असलेल्याकडून हाताने लिहून घ्या, ते छापील फॉन्टपेक्षा सुंदर दिसतं.

माप: शिरोरेखेपासून अक्षराच्या तळापर्यंत किमान ८ मिलिमीटर, वर-खाली मात्रा आणि उकारासाठी जागा वेगळी. यापेक्षा लहान घेतलं तर ‘म’, ‘भ’ यांच्या गाठी आणि ‘ळ’ची दोन वर्तुळं भरून जातात. शिवाजी महाराजांची राजमुद्रा मनगटावर घेणाऱ्यांनी हे जरूर मोजावं. ‘प्रतिपच्चन्द्रलेखेव’ या एका शब्दातच ‘च्च’ आणि ‘न्द्र’ आहेत. संपूर्ण श्लोक मनगटावर मावत नाही. दंडावर किंवा पाठीवर घ्या.

६. स्टुडिओ पारखा

आधी नुसतं बघायला जा, पैसे न देता. ताज्या कामाचे चकचकीत फोटो सगळेच दाखवतात. तुम्ही वर्षभर जुन्या कामाचे फोटो मागा. रेषेभोवती निळसर धूसर कडा दिसली तर सुई फार खोल जाते असं समजा.

मग हे बघा: सुई प्रत्येक ग्राहकासाठी नवी, सीलबंद पाकिटातली, मुदतीची तारीख छापलेली. शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणात काढलेली, आणि उरलेली टाकून दिलेली. ती परत बाटलीत ओतत असतील तर उठून या. हातात नायट्रिलचे मोजे, मध्ये फोन उचलला तर ते बदललेले. मशीन आणि वायरवर प्लास्टिकचं आवरण. वापरलेल्या सुयांना घट्ट झाकणाचा वेगळा डबा. धातूची मूठ पुन्हा वापरत असतील तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, हवं. पाण्यात उकळणं किंवा सॅनिटायझरने पुसणं चालत नाही.

एक प्रश्न जरूर विचारा: राखाडी छटेसाठी शाई कशाने पातळ करता? उत्तर ‘निर्जंतुक पाणी’ हेच असलं पाहिजे. नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यातल्या जंतूंनी दोन-तीन आठवड्यांनंतर फक्त राखाडी भागात पुटकुळ्या उठतात.

जत्रेत बॅटरीच्या मशीनवर नाव गोंदून देणाऱ्याकडे जाऊ नका. तीच सुई आधी कितीजणांना टोचली ते कळत नाही, आणि हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही रक्तातून पसरतात.

दर ‘इंचाला’ सांगतात. तो लांबीचा इंच की चौरस इंच, ते विचारा. ३ बाय ४ इंचाचं चित्र म्हणजे १२ चौरस इंच, आणि इथेच बिलावरून वाद होतात. एकूण रक्कम, आगाऊ रक्कम परत मिळते का, आणि पहिली डागडुजी (फिकी पडलेली जागा पुन्हा भरणं) त्यातच धरली आहे का, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

७. सोबत काय न्यायचं

- आधार कार्ड. चांगले स्टुडिओ १८ वर्षांखालच्यांना घेत नाहीत.
- चालू गोळ्यांची आणि वावड्यांची यादी. संमतीपत्रावर ते लिहायचं असतं. वाचून सही करा.
- चित्र खऱ्या मापात छापलेलं, आणि फोनमध्येही.
- सैल सुती कपडा. दंडासाठी बिनबाह्यांचा, पाठीसाठी मागे उघडणारा.
- पाण्याची बाटली आणि गूळपोळी किंवा चिक्कीसारखं काहीतरी गोड.

भरपेट जेवून जा. उपासाचा दिवस निवडू नका, चक्कर येते. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी दारू नाही. जागेवर ऊन लागून त्वचा सोललेली असेल तर तारीख पुढे ढकला.

८. खुर्चीत

जागा धुऊन, नव्या ब्लेडने लव काढून स्टेन्सिल लावतात. ती १० मिनिटं वाळू द्या आणि उभे राहून पाहा. बसल्यावर सरळ वाटणारी ओळ उभं राहिल्यावर वाकडी होते. अक्षरं आरशात वाचू नका, उलटी दिसतात. सेल्फीही उलटी दाखवू शकते. सोबतच्या माणसाला फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सांगा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. पुसून पुन्हा लावायला सांगायला संकोचू नका. या दहा मिनिटांत जेवढं बोलाल तेवढं थोडं.

बधिर करणारं मलम हवं असेल तर आधी सांगा. ते तासभर प्लास्टिकखाली ठेवावं लागतं आणि एक-दोन तास पुरतं. मोठ्या भागावर थापू नका, औषध रक्तात जास्त जाऊ शकतं. दंडाच्या बाहेरच्या बाजूला कमी दुखतं, बरगड्या, घोटा आणि कोपराच्या आत जास्त.

९. पहिले तीन आठवडे

साधं प्लास्टिक गुंडाळलं असेल तर दोन-चार तासांत काढा. चिकट पारदर्शक फिल्म असेल तर ती काही दिवस ठेवतात, पण बडोद्याच्या दमट हवेत तिच्याखाली पाणी साठतं. कडेने गळायला लागली की लगेच काढा.

हात धुऊन, बिनवासाच्या सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने दिवसातून दोन-तीनदा धुवा. टिशूने टिपा, पंच्याने पुसू नका. सांगितलेलं मलम इतकं पातळ लावा की फक्त चकाकी दिसेल. जाड थराखाली खपली भिजून मऊ होते आणि निघून येते.

हळद लावू नका. घरातून पहिला सल्ला हाच येतो, तोही मायेने, पण कच्च्या जखमेवर स्वयंपाकघरातली हळद जंतुविरहित नसते. तूप, खोबरेल, कडुलिंबाचा लेप, यांपैकी काहीही नको. औषधाच्या दुकानात मिळणारी, स्टिरॉइड मिसळलेली ‘खाजेची’ मलमंही नकोत. जखम भरायची थांबते.

तीन दिवस जखमेतून पाणी येतं, त्यात शाई दिसते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पापुद्रे सुटतात आणि खाज सुटते. खाजवू नका, वरून हलकेच थापटा. पोहणं तीन-चार आठवडे बंद, व्यायामशाळा निदान पहिले काही दिवस बंद, ऊन तर अजिबातच नको. स्कूटरवर सुती बाही घाला.

१०. बिघडलं असं वाटलं तर

दोन दिवस लाली आणि कोमटपणा असणारच. तिसऱ्या दिवसानंतर लाली पसरत चालली, पू आला, ताप चढला किंवा लाल रेष वर सरकताना दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सयाजी रुग्णालयाचा त्वचा विभाग किंवा तुमचे नेहमीचे त्वचारोगतज्ज्ञ. ‘टॅटू करून इतके दिवस झाले’ हे आधी सांगा, कारण राखाडी भागातल्या त्या पुटकुळ्या नेहमीच्या प्रतिजैविकाला दाद देत नाहीत. फक्त लाल रंगाचा भाग महिन्यांनंतर सुजून खाजू लागला तर ती ॲलर्जी समजा.

एखादी रेष फिकी पडली म्हणून लगेच धावू नका. चार ते सहा आठवडे त्वचा दुधी, चकचकीत दिसते आणि खालचा रंग दबलेला वाटतो. ती निवळली की दिवसाउजेडी फोटो काढा, पहिल्या दिवशीच्या फोटोशेजारी ठेवा, आणि मग डागडुजीची तारीख घ्या.